परळ ते खोडाळा : हाफकिन संस्थेची सव्वाशे वर्षांची वाटचाल

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात माणसे तापाने पटापट दगावू लागली. जांघेत नाही तर काखेत गाठ यायची आणि चार-पाच दिवसांत रोगी हातचा जायचा. मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेगच असल्याचे निदान केले. पाहता पाहता शहरातून माणसांचे लोंढे गावाकडे निघाले आणि त्यांच्याबरोबर रोगही निघाला. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेल्या. हाफकिन संस्थेचा जन्म या काळातला आहे.

सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना तातडीने मुंबईस बोलावून घेतले. ओडेसात जन्मलेला आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला हा शास्त्रज्ञ १८९३ पासून भारतात पटकीची लस टोचत फिरत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जागा मिळाली ती एक खोली आणि एक व्हरांडा, आणि हाताखाली माणसे मिळाली ती एक कारकून आणि तीन शिपाई. काम मात्र प्लेगवर लस बनवण्याचे, त्याआधी कोणाला न साधलेले होते.

ते कसे साधले, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. गोमांस किंवा डुकराचे मांस वापरले असते तर हिंदू आणि मुसलमान दोघांनीही लसीकडे पाठ फिरवली असती, म्हणून हाफकिन यांनी बोकडाच्या मांसाचा रस्सा घेतला. त्यावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या तरंगत्या थेंबांना धरून खाली धाग्यांसारखे लोंबत वाढत. बाटली हलवली की धागे तुटून तळाशी बसत आणि वर नवी वाढ सुरू होई. पुरेसा साका जमला की उष्णता देऊन जंतू मारायचे आणि त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे, की लस तयार. तीन महिन्यांच्या आत ती हाती आली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली, मात्राही नेहमीच्या कितीतरी पट मोठी घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. टोचलेल्यांत आजारी पडणारे आणि दगावणारे, न टोचलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी निघाले.

तरीही लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला. घरोघर शिरून झडत्या घेणारे गोरे शिपाई आणि बळजबरीने हलवलेले रोगी यांमुळे सरकारी म्हणून जे जे येईल त्याबद्दल मनात धास्ती होती, आणि ती अकारण नव्हती. अशा वेळी आगाखान यांनी पुढाकार घेतला. त्यांनी स्वतः सर्वांसमक्ष लस टोचून घेतली, आपल्या खोजा समाजाला ती घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला मोकळा करून दिला. संस्थेच्या इतिहासात शास्त्रज्ञांच्या नावांबरोबर हे नाव घेतले जाते ते योग्यच आहे.

बिऱ्हाडे बदलत बदलत प्रयोगशाळा अखेर परळला स्थिरावली. पोर्तुगीज काळातला ख्रिस्ती मठ, पुढे मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान, अशी त्या वास्तूची कुळकथा. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तेथे पटकीने वारल्या, तेव्हापासून गव्हर्नर मलबार पॉइंटला राहू लागले आणि परळची वास्तू रिकामी पडली. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते तेथे ‘प्लेग संशोधन प्रयोगशाळे’चे उद्घाटन झाले. संस्था आपला स्थापनादिन मानते तो हाच.

पहिला आणि सर्वांत जबर आघात तीन वर्षांतच बसला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मरण पावले. बाटली परळहून दूषित आली, असा ठपका ठेवण्यात आला. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले आणि ते देश सोडून गेले. पुढे चौकशीच्या कागदपत्रांतून जे दिसले ते वेगळेच होते. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा बुचाला लावला गेला होता. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या नामवंतांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून हाफकिन यांची बाजू मांडली. सरकारने त्यांना दोषमुक्त केले खरे, पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९ घरांचे दुःख आणि एका निरपराध माणसावरचा अन्याय अशा दोन्ही गोष्टींची नोंद या वाटचालीत राहायलाच हवी.

प्रमुख गेला म्हणून परळचे काम थांबले नाही. उंदीर मेले की माणसे मरतात हे लोकांना ठाऊक होते. मधला दुवा कोणता, हे सिद्ध व्हायचे होते. संशोधक ग्लेन लिस्टन आणि १९०५ पासून काम करणारे प्लेग संशोधन मंडळ यांनी ते सिद्ध केले, आणि तेही अगदी साध्या साधनांनी. प्लेगने मेलेल्या उंदरांच्या पिसवा जिथे होत्या तिथे एक पिंजरा जमिनीलगत ठेवला आणि दुसरा उंच टांगला. जमिनीलगतची जनावरे आजारी पडली, उंचावरची वाचली, कारण पिसू तेवढी उडी मारू शकत नाही. पिंजऱ्याभोवती चिकट कागद पसरला तर पिसवा त्यालाच चिकटत आणि आतली जनावरे सुखरूप राहत. उंदराची पिसू प्लेग पसरवते, ही गोष्ट आज पाठ्यपुस्तकातले एक वाक्य आहे. ते पक्के करण्यात परळच्या आवाराचा वाटा फार मोठा आहे.

१९०६ मध्ये संस्थेचे नाव ‘बॉम्बे बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी’ झाले. प्लेगपुरते असलेले काम विस्तारत गेल्याची ती खूण होती. १९२५ मध्ये संचालक मॅकी यांच्या सूचनेवरून तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. ते तेव्हा हयात होते आणि अन्यायाची ही भरपाई त्यांना पाहता आली. पुढे १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

१९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९४९ पर्यंत त्यांनी संस्था चालवली. या काळाला संस्थेचे तारुण्य म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. सोखी यांची धारणा स्पष्ट होती. या देशाला लागणारी औषधे या देशात, सार्वजनिक पैशातून आणि गरिबाला परवडतील अशा दरात तयार झाली पाहिजेत. त्यांनी प्लेगच्या लसीची निर्मिती शास्त्रशुद्ध पायावर आणली. रसायनतज्ज्ञ के. गणपती यांनी सल्फा औषधे परळमध्येच तयार केली, आणि सोखी, वागळे, दीक्षित या सहकाऱ्यांनी १९४० च्या सुमारास प्लेगच्या रोग्यांवर सल्फाथायाझोलचा उपयोग सिद्ध केला. तोवर प्लेग झालेल्या माणसाला देण्यासारखे औषध जवळजवळ नव्हतेच. लस होती ती निरोग्यांसाठी. रोग्याला हाती धरण्याजोगे काही मिळाले ते या कामातून. यांतले दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून परळच्या नावाशी आणखी एक गोष्ट कायमची जोडली गेली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर चालणारी प्रतिविष लस म्हणजेच खेड्यापाड्यांत जिला सरसकट सापाची लस म्हणतात ती. सापाचे विष काढून वाळवायचे, ते घोड्याला अगदी अल्प मात्रेत टोचायचे आणि मात्रा हळूहळू वाढवत न्यायची. घोड्याच्या रक्तात प्रतिविष तयार झाले की रक्त काढून त्यातला उपयोगी भाग वेगळा करून शुद्ध करायचा. त्यासाठीचे घोडे पिंपरीला सांभाळले जातात. ही लस गोठवून वाळवली की तिची भुकटी होते आणि तिला सतत बर्फात ठेवावे लागत नाही. ज्या दवाखान्यात पावसाळ्यात तासन्तास वीज नसते, त्याला या एका सोयीचे मोल विचारावे.

१९७५ हे वळणाचे वर्ष. लस आणि औषधांची निर्मिती वेगळी काढून ‘हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ’ स्थापन झाले. संशोधन, प्रशिक्षण आणि चाचणी हे काम मूळ संस्थेकडे राहिले. दोन्ही घरे एकाच आवारात, दोन्ही राज्य शासनाची. कारभाराच्या दृष्टीने ही फाळणी सोयीची असेल. पण संशोधकाच्या टेबलावरची गोष्ट थेट बाटलीत जावी ही हाफकिन आणि सोखी यांची रीत होती आणि तिला या विभागणीने मुरड पडली, हे मान्य केले पाहिजे. पुढच्या दशकांत निधीची चणचण, रिक्त पदे, जुनी यंत्रसामग्री या अडचणी दोन्हीकडे राहिल्या. २०१७ नंतर काही वर्षे राज्याच्या सगळ्या सरकारी औषधखरेदीचा बोजाही महामंडळावर होता. २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला.

असे असूनही काम सुरूच राहिले. मुंबई विद्यापीठाच्या मान्यतेने पदव्युत्तर आणि पीएच.डी.चे विद्यार्थी जीवाणू, विषाणू, रोगप्रतिकारशास्त्र, प्राण्यांकडून माणसांत येणारे रोग या विषयांवर परळमध्ये संशोधन करत आले आहेत. महामंडळाने भरलेले पोलिओचे थेंब देशभरच्या बूथवर पोचले. भारतात पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला. पोलिओच्या विषाणूंची तपासणी करणारे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे केंद्रही हाफकिनच्याच आवारात आहे.

एक सहकार्य विशेष उल्लेखनीय आहे. कोकणातला लाल विंचू चावला की हृदयावर परिणाम होऊन धडधाकट माणसे मरत. रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन या औषधाने मृत्यू टाळता येतात हे जगाला दाखवून दिले. पुढे विंचवाच्या विषावरची लस परळला तयार झाली. ती प्राझोसिनच्या जोडीने दिल्यास रोगी लवकर सावरतो, हा बावस्कर यांचा अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. प्रश्न खेड्याने मांडला, साधन परळने दिले आणि पडताळा पुन्हा खेड्यातच झाला.

हाच धागा पालघर जिल्ह्यात मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्यापर्यंत येतो. कसाऱ्याकडून जव्हारकडे जाणाऱ्या घाटवाटेवरचे हे गाव भोवतालच्या वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी, ठाकूर पाड्यांची बाजारपेठ आहे. तिथले प्राथमिक आरोग्य केंद्र हाच या पाड्यांचा पहिला आधार. भाताची आवणी चालू असते, नागली-वरईची रोपे उतारावर लागत असतात, नेमक्या त्याच दिवसांत साप बिळांतून बाहेर पडतात. चिखलात अनवाणी राबणाऱ्या बाईला पान लागले, म्हणजे साप चावला, की पूर्वी पहिली धाव भगताकडे असे. आजही काही पाड्यांत ती असते. पण आता आशाताई वेळेवर पोचल्या तर माणूस दवाखान्यात येतो.

तिथे एक साधी परीक्षा केली जाते. रोग्याचे थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे आणि वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. मग नळी तिरपी करायची. रक्त साकळले नाही तर दंश घोणस किंवा फुरशाचा, आणि लस ताबडतोब सुरू करायची. पापण्या जड होऊन मिटू लागल्या, गिळता येईना, तर संशय नाग किंवा मण्यारीचा. भुकटीच्या एकेका बाटलीत दहा मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून ती हलक्या हाताने विरघळवतात. पहिल्या मात्रेलाच साधारण दहा बाटल्या लागतात. घोड्याच्या रक्तापासून बनलेली असल्याने ॲलर्जीचा धोका असतो, म्हणून अ‍ॅड्रिनलिन हाताशी ठेवूनच ती देतात. श्वास अडखळू लागला तर मोखाडा, जव्हार किंवा नाशिकची वाट धरावी लागते, आणि पावसाळ्यात ती वाट लांबते. म्हणूनच पहिली मात्रा खोडाळ्यातच मिळणे महत्त्वाचे.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे मेल्याचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. याच पालघर जिल्ह्यात डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयातील सर्पदंशाच्या रोग्यांचा अभ्यास मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने केला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. परळच्या प्रयोगशाळांपुढचे प्रश्न अशाच नोंदींतून पुढे येतात. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते आणि देशातल्या लसींसाठीचे बरेचसे विष तमिळनाडूतून येते. मग ती लस सह्याद्रीच्या या बाजूला कितपत पुरी पडते, हे तपासले पाहिजे. झाडाझुडपांत राहणाऱ्या हिरव्या चापड्याच्या विषावर तर आजची चार सापांची लस चालतच नाही. प्रदेशाप्रदेशातून विषाचे नमुने गोळा करणे, त्यांवर लसीची ताकद मोजणे आणि गरजेप्रमाणे लस सुधारणे हे काम परळसाठी नवे नाही. १८९९ पासून तिथे हेच चालत आले आहे, फक्त तेव्हा समोर प्लेगचा जंतू होता.