उसाच्या वाटेने ब्राझील

महाराष्ट्रात दहावीचा भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझील. त्यामुळे शिरूर तालुक्यातल्या निमोण्याच्या मुलामुलींना मॅनॉस कुठे आणि पँटानल कशाला म्हणतात हे ठाऊक असते. परीक्षा झाली की तो देश दप्तराबरोबर माळ्यावर जातो. पुढच्या पानांत तो पुन्हा खाली काढायचा आहे, पण अ‍ॅमेझॉनपासून किंवा फुटबॉलपासून सुरुवात न करता उसापासून. शिरूर-दौंडच्या वाचकाला ही वाट सोपी आहे, आणि माझ्या मते ब्राझील कळायलाही हीच वाट बरी.

पाठ्यपुस्तकातला ‘अजस्र कडा’ आठवा. समुद्रावरून येणारे वारे त्याला अडतात आणि ईशान्य ब्राझीलमध्ये कड्यामागे ‘अवर्षण चतुष्कोन’ उरतो. सह्याद्रीआडच्या माणसाला हे वेगळे समजवायला नको. फरक पुढे आहे. आपल्याकडचा ऊस चिंचणीच्या घोड धरणाचे, कालव्याचे, विहिरीचे पाणी पिऊन वाढतो. साओ पाउलोचा बहुतांशी पावसावर. तिथे एका लागणीवर पाच-सहा तोडण्या होतात, इथे एक-दोन खोडवे घेतले की सरी मोडतात.

इतिहासात तर दोन्ही मुलखांच्या वाटा एकमेकींना छेदतात. १५०० मध्ये पोर्तुगालचा पेद्रो काब्राल निघाला होता हिंदुस्थानला. वाटेत ब्राझीलचा किनारा लागला, आणि तिथून तो कालिकतला पोहोचला. १५३२ मध्ये साओ व्हिसेंतेची वसाहत वसवणारा, तिथे उसाला हात घालणारा मार्तिम अफोन्सो द सूझा १५४२ मध्ये गोव्यात गव्हर्नर म्हणून आला. पण खरा भेद जमिनीचा. तिकडे पोर्तुगालच्या राजाने अफाट जमिनी मोजक्यांना बहाल केल्या आणि त्या कसायला अंदाजे ४८ लाख आफ्रिकी माणसे गुलाम करून उतरवली गेली. गुलामगिरी संपली १८८८ मध्ये. त्याआधीच, १८५० च्या कायद्याने, सरकारी जमीन विकत घेतल्याशिवाय मिळणार नाही अशी तजवीज झाली होती. सुटका झाली, पण पायाखाली वावर नव्हते.

इकडे दौंडशेजारच्या इंदापुरात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी शेत मोजून कुळाच्या नावावर सारा बसवला. वावर नावावर आले आणि त्याच वावरावर सावकाराचे कर्जही चढले. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला दंगा पेटला, कर्जखते जळाली, आणि त्याची झळ शिरूर तालुक्यापर्यंत आली. लहान खातेदार, कर्ज आणि पुढे सहकार ही आपली साखळी. मळेवाला, गुलाम आणि पुढे कंपनी ही त्यांची. न्हावऱ्याचा घोडगंगा किंवा पाटसचा भीमा सहकारी कारखाना म्हणून का उभे राहिले, याचे निम्मे उत्तर मला या जुन्या मोजणीत दिसते.

अर्थकारणात १९७५ हे साल लक्षात ठेवावे. तेल भडकल्यावर ब्राझीलने उसापासून इंधन काढण्याची सरकारी योजना आणली. २००३ पासून पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या गाड्या आल्या. तेव्हापासून साखर करायची की इथेनॉल, हे तिथला कारखानदार भाव पाहून ठरवतो, आणि त्या निर्णयाने जगाचा साखरबाजार हलतो. २०१९ मध्ये ब्राझीलने ऑस्ट्रेलिया आणि ग्वातेमालासह भारताविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली. तीत आपल्या एफआरपीवरही, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दरावरही, बोट होते. २०२१ च्या डिसेंबरात निकाल भारताविरुद्ध गेला, भारताने अपील केले. निमोण्याच्या उसाच्या दराचा विषय जिनिव्हात, त्या संघटनेच्या दारी निघाला, एवढे तरी यातून दिसते.

वाचनाला दोन नावे. जिल्बेर्तो फ्रेयरे यांचे १९३३ चे पुस्तक साखरमळ्याच्या वाड्यातून समाज पाहते. ते रसाळ आहे, पण गुलामगिरीला फार मऊ करते, म्हणून सावधपणे वाचावे. सेल्सो फुर्तादो यांचे १९५९ चे पुस्तक कोरडे, तरी आधी तेच घ्यावे: साखरेचा पैसा वसाहतीत का फिरला नाही, हे त्यांनी उलगडले. त्यांच्यानंतर एक प्रश्न आपण आपला जोडायचा. साओ पाउलोत २००२ च्या कायद्याने फड पेटवणे टप्प्याटप्प्याने बंद होत गेले आणि तोडणी यंत्राकडे गेली. आपल्या फडात बीडच्या टोळ्या अजून कोयत्याने तोडतात. यंत्र इकडेही येऊ लागले आहे. तेव्हा त्या टोळीतल्या बाईचे काय होईल, याचा अंदाज बांधायला ब्राझीलमधल्या तोडणीमजुरांचे गेल्या वीस वर्षांत काय झाले ते तपासावे लागेल.