पावणेचोवीस तासांची परीक्षा

२ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री अमेरिकेतल्या विद्यापीठांचे संगणक एकामागून एक मान टाकू लागले. कॉर्नेलमध्ये शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला छोटासा प्रोग्राम स्वतःच्याच प्रती काढत सुटला होता. त्याने सहा हजारांच्या आसपास यंत्रं जाम केली, असा तेव्हाचा अंदाज होता. मॉरिसला शिक्षा झाली: तीन वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि दंड. पुढे तो एमआयटीत प्राध्यापकही झाला!

अशा संकटात बोलवायचं कुणाला, हा प्रश्न अवघड होता. मला सिक्युरिटी कळते, असं कुणीही म्हणावं आणि समोरच्याने मान डोलवावी, अशी स्थिती. हिशेबनिसांच्या जगाने मात्र त्याआधीच सोय केली होती. संगणकावरचे व्यवहार तपासणाऱ्या ऑडिटरांसाठी 'सिसा' हे प्रमाणपत्र १९७८ पासूनच होतं. सुरक्षेसाठी १९८९ मध्ये 'आयएससी-स्क्वेअर' ही संस्था निघाली आणि १९९४ मध्ये तिचं 'सीआयएसएसपी' हे प्रमाणपत्र आलं.

तेव्हा त्याचा पेपर सहा तासांचा, प्रश्न २५०. त्यात गूढलेखनाचं गणित तर होतंच, पण कुंपण किती उंच असावं आणि विजेच्या आगीवर कोणतं अग्निशामक वापरावं, हेही अभ्यासाला होतं. या कुंपणावर आजवर भरपूर विनोद झाले. पण सर्व्हर रूमचं दार उघडं राहिलं तर पासवर्ड घेऊन काय करायचं?

प्रमाणपत्राला खरा भाव आला तो मात्र सरकारी हुकमाने. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने '८५७०' नियमावली काढली: खात्याची यंत्रणा सांभाळणाऱ्याकडे, मग तो कंत्राटी का असेना, ठरावीक प्रमाणपत्र हवंच. २००२ साली आलेलं 'सिक्युरिटी प्लस' एका झटक्यात नोकरीचा परवाना बनलं. क्लास फोफावले आणि त्यांच्यामागोमाग 'डंप', म्हणजे फुटलेल्या प्रश्नांचे गठ्ठे, आले. घोकंपट्टी आपल्याला नवी नाही, पण तिथेही तेच झालं. २०२३ च्या नव्या नियमावलीत पदवी आणि प्रशिक्षणही ग्राह्य धरलं गेलं.

या कहाणीत भारतही डोकावतो. पुढे अमेरिकी सरकारची गुपितं फोडणारा एडवर्ड स्नोडेन २०१० मध्ये दिल्लीच्या एका खासगी संस्थेत 'एथिकल हॅकिंग' शिकून गेला. या विषयाचं प्रमाणपत्र देणाऱ्या ईसी-कौन्सिल या संस्थेची वेबसाइट फेब्रुवारी २०१४ मध्ये हल्लेखोराने ताब्यात घेतली आणि तिच्यावर चक्क स्नोडेनच्या पासपोर्टची प्रत झळकवली. हॅकिंगचे धडे देणाऱ्याच्याच घरी चोरी!

घोकंपट्टीवर उतारा म्हणून 'ओएससीपी'सारख्या परीक्षांची चलती झाली. तिथे पर्याय निवडायचे नाहीत. अनोळखी यंत्रं समोर येतात आणि ती फोडून दाखवायची. वेळ पावणेचोवीस तास, शंभरपैकी सत्तर गुण हवेत, वेबकॅमवरून पर्यवेक्षकाची नजर. जेवायला, झोपायला मुभा असते. झोप लागते का, हा वेगळा प्रश्न. त्यानंतर आणखी २४ तासांत सगळं पायरीपायरीने लिहून अहवाल द्यायचा. आणि यंत्र फोडलं, पण आतल्या पुराव्याच्या फाइलचा स्क्रीनशॉट काढायचा राहिला, तर त्या यंत्राचे गुण शून्य.