बंदूक : हक्क की परवानगी? डिसेंबर १९४८ आणि बीड

९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांची हत्या करण्यात आली. ही हत्या गोळी झाडून झालेली नव्हती, तरीही पुढचे काही महिने महाराष्ट्रात चर्चा झाली ती बीडमधील बंदुकांची. एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे समोर आले. कमरेला पिस्तूल लावून काढलेली छायाचित्रे आणि हवेत गोळीबार करतानाच्या चित्रफिती घरोघरी पोहोचल्या. २०२५ मध्ये जिल्हा प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले.

परवाना कोणाला दिला आणि कोणाच्या शिफारशीने दिला, यावर पुष्कळ बोलले गेले. त्यामागचा मूळ प्रश्न मात्र जुना आहे : भारतात नागरिकाच्या हाती बंदूक येते ती हक्क म्हणून की सरकारच्या परवानगीने? या प्रश्नाचा निकाल १९४८च्या डिसेंबरात दिल्लीत लागला. त्याच दिवसांत, बीड ज्या संस्थानात होते तेथे, शस्त्रांनी काय केले याची चौकशी चालू होती. हे दोन प्रसंग सहसा एकत्र सांगितले जात नाहीत.

आरंभ १८७८ पासून करावा लागतो. व्हाइसरॉय लिटनच्या काळात झालेल्या शस्त्र कायद्याने भारतीयाला परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले. युरोपीय मात्र या बंधनातून मोकळे होते. अपमान बंदूक न मिळण्याइतकाच या भेदाचाही होता. १८८७च्या मद्रास अधिवेशनातच काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. पुढे जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयसमोर ठेवलेल्या अकरा मागण्यांत मीठकर आणि दारूबंदी यांच्या सोबतीने स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत, अशीही मागणी होती. अहिंसेच्या सेनापतीची ही मागणी आज अनेकांना चकित करते. तिच्यातील एक अट मात्र विसरता येत नाही : परवान्यांवर लोकांचे नियंत्रण हवे.

१९३१च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यातही शस्त्र बाळगण्याचा हक्क आला. अर्थात नियम आणि निर्बंधांच्या अधीन. याचा अर्थ, स्वातंत्र्यलढ्याच्या अधिकृत कागदपत्रांत बंदूक ही नागरिकाच्या हक्कांच्या यादीत नोंदलेली होती.

बीड तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आजचे अंबाजोगाई त्या काळी मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई. तेथील योगेश्वरी शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ १९३८च्या सुमारास शिक्षकी सोडून संस्थानातील लढ्याचे नेते झाले. त्या लढ्याचा पाया सत्याग्रहाचा होता. १९४७-४८ मध्ये मात्र कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगावी दहशत माजवली, तेव्हा स्टेट काँग्रेसच्या कृती समितीने संस्थानाच्या सीमेबाहेर शिबिरे उघडली. मराठवाड्यातील तरुण तेथे जमले आणि हत्यार चालवायला शिकले. या तरुणांपैकी कित्येक जण शाळा-महाविद्यालये सोडून आलेले विद्यार्थी होते. मराठवाड्याच्या एका पिढीला बंदुकीचे शिक्षण मिळाले ते असे, सीमेवरच्या तंबूत, घाईने आणि सूडाच्या छायेत. दुसरीकडे, सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांतून निजामासाठी शस्त्रे आणत होता.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा दरवर्षी हा दिवस मुक्तिदिन म्हणून साजरा करतो आणि रझाकारांचे अत्याचार भोगलेल्या गावांना तो साजरा करण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्यानंतरच्या आठवड्यांविषयी मात्र सभांतून फारसे बोलले जात नाही. शस्त्रांची बाजू पालटली होती. आता मुसलमान वस्त्यांवर हल्ले होऊ लागले आणि त्यांत रझाकारांशी काही संबंध नसलेली माणसेही मारली गेली.

या हिंसेची माहिती घेण्यासाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे शिष्टमंडळ २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरले. त्यांच्या अहवालानुसार उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत किमान अठरा हजार माणसे मारली गेली. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत किमान पाच हजार. सरकारने हा अहवाल दीर्घकाळ प्रसिद्ध केला नाही. त्यातील आकड्यांवर इतिहासकारांत मतभेद आहेत. हिंसा घडली यावर नाहीत.

नेमक्या याच दिवसांत दिल्लीत संविधान सभेपुढे आजच्या कलम १९चा मसुदा होता. मध्य प्रांत-वऱ्हाडातून आलेले हरी विष्णू कामत यांनी एक दुरुस्ती सुचवली : नागरिकाच्या स्वातंत्र्यांत शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट करावा. आय.सी.एस.ची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेलेल्या कामतांचा आधार पक्का होता. कराचीत काँग्रेसने देशाला दिलेला शब्द पाळा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही दुरुस्ती नाकारली. प्रत्येक व्यक्तीला बाजारात जाऊन हवे ते हत्यार विनाअडथळा विकत घेण्याचा हक्क असेल, तर राज्यकारभार चालवायचा कसा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. कलम १९ मध्ये आज शस्त्रांचा उल्लेख आहे तो उलट अंगाने : नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र येण्याचे स्वातंत्र्य आहे. हैदराबादचे प्रतिनिधी त्या वेळी सभेत नव्हते. असते, तर त्यांनी कामतांची बाजू घेतली असती की बाबासाहेबांची, हे सांगणे अवघड आहे. रझाकारांपुढे निःशस्त्र उभा राहिलेला गावकरी एक उत्तर देईल, ऑक्टोबरात घर सोडून पळालेला दुसरे.

येथे कामतांवर अन्याय होऊ नये. कराचीच्या ठरावातही नियमांची अट होती, म्हणजे कामतांचा हक्क काही मोकाट नव्हता. व्यवहारात दोन्ही मार्गांनी शेवटी परवानाच येतो. फरक इतकाच की हक्क असेल, तर परवाना का नाकारला याचे समर्थन सरकारला करावे लागते. परवानगी असेल, तर ती का हवी हे नागरिकाला पटवून द्यावे लागते. आणि पटवून द्यायचे म्हटले की ओळख लागते.

१९५९च्या शस्त्र कायद्याने ही परवानगीची व्यवस्था पक्की केली. कायदा वाचताना काही गोष्टी आश्चर्य वाटाव्यात अशा आहेत. पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची त्यात स्वतंत्र सोय आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, केवळ एवढ्या कारणाने परवाना नाकारता येणार नाही, असेही चौदाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रानडुकरांपासून ज्वारी राखणारा शेतकरी होता. पिस्तुलासारख्या हत्यारासाठी मात्र सबळ कारण अधिकाऱ्याला पटावे लागते, आणि बीडच्या चित्रफितींत दिसले ते पिस्तूल. परवाना संरक्षणाचा राहिला नाही, तो वजनाचा दाखला झाला. १९४८ मध्ये बाबासाहेबांचा निर्णय योग्यच होता. परंतु बाजारातून येणाऱ्या बंदुकीला अडवणारी ती व्यवस्था वशिल्याने येणाऱ्या बंदुकीला अडवू शकली नाही.

मग शिक्षणाचे काय? अमेरिकेत १७९१च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्राचा हक्क दिला, त्यामुळे तेथे बंदूक घरात आहेच असे गृहीत धरून मुलांना शिकवावे लागते. टेनेसी राज्यात २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून सरकारी शाळांत बंदूक-सुरक्षेचे धडे सक्तीचे झाले. त्यांत खरी बंदूक आणली जात नाही. ती सापडली तर हात लावू नये, दूर व्हावे, मोठ्या माणसाला सांगावे, इतकेच शिकवले जाते. विरोधकांचे म्हणणे असे की घरातली बंदूक कुलपात ठेवण्याची मोठ्यांची जबाबदारी यातून मुलांवर ढकलली जाते.

आपल्याकडे शाळेत बंदूक आली ती सैनिकी शिक्षणाच्या वाटेने. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले, त्यामागे समाजाच्या सैनिकीकरणाचा विचार होता. स्वतंत्र भारताने वेगळा मार्ग निवडला. हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशींवरून १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेनेचा, म्हणजे एन.सी.सी.चा, कायदा झाला. ज्या वर्षी शस्त्राचा हक्क नाकारला गेला, त्याच वर्षी विद्यार्थ्याच्या हाती राज्याच्या देखरेखीखाली रायफल दिली गेली. पुढे १९५९च्या कायद्याने छात्रांना परवान्यातून सूट दिली. खासगी बंदुकीसाठीची किमान वयोमर्यादा त्या कायद्यात मुळात सोळा वर्षांची होती! ती एकवीस झाली १९८३च्या दुरुस्तीने.

प्रौढांच्या प्रशिक्षणाचा विचार मात्र फार उशिरा झाला. २०१६च्या शस्त्र नियमांनी अर्जदारासाठी सुरक्षा-प्रशिक्षणाची तरतूद केली : शस्त्र कसे हाताळावे, कसे ठेवावे, कसे न्यावे. २०१९च्या दुरुस्तीने लग्नात वा मिरवणुकीत आनंदाच्या भरात निष्काळजीपणे केलेला गोळीबार स्वतंत्र गुन्हा ठरवला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे बीडच्या त्या चित्रफिती व्हायरल झाल्या तेव्हा कायद्यात या दोन्ही तरतुदी होत्या. परवान्यांची फेरतपासणी जोरात सुरू झाली ती एका सरपंचाच्या हत्येनंतर.

एन.सी.सी.च्या रेंजवर पॉइंट टू-टू रायफल घेऊन आडवा पडलेला नववीतला छात्र हुकुमाशिवाय बोट चापावर नेत नाही. गोळ्या मोजून मिळतात. फैरी संपल्या की ‘जाँच शस्त्र’चा हुकूम होतो, नळी रिकामी असल्याची खात्री केली जाते आणि झाडलेल्या प्रत्येक गोळीचे रिकामे काडतूस गोळा करून परत मोजले जाते.