औत, सावड आणि छोटा ट्रॅक्टर : हिंगोली परिसरातील एका निवडीचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

शेतकऱ्याने कोणते अवजार घ्यावे हा प्रश्न सामान्यतः कृषिअभियंत्याचा किंवा अर्थशास्त्रज्ञाचा मानला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे प्रयोजन काय, आणि भाषेच्या अभ्यासकाने तर मुळीच का पडावे, अशी शंका वाचकास येणे स्वाभाविक आहे. परंतु अवजाराची खरेदी एका दिवसात होत असली तरी तिच्यामागे जमीन, जनावर आणि शेजार यांचा दीर्घ इतिहास उभा असतो. आणि त्या इतिहासाची लिखित साधने जेथे तोकडी पडतात तेथे बोलीतील शब्द हेच साधन हाती उरते. हिंगोली जिल्ह्यातील अनेक अल्पभूधारक कुटुंबांपुढे आज छोटा ट्रॅक्टर घ्यावा की नाही, आणि घ्यावयाचा तर कोणता, असा प्रश्न आहे. ‘किती अश्वशक्तीचा?’ या रूपात तो बहुधा विचारला जातो. प्रश्नाचे हे रूपच अपुरे आहे, आणि ते का अपुरे आहे हे औताच्या इतिहासावरून उमगते, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. उत्तरेस वाशीम व यवतमाळ हे वऱ्हाडाकडील जिल्हे लागून असल्यामुळे मराठवाडी व वऱ्हाडी या दोन्ही बोलींचे शेतीविषयक शब्द येथे शेजारी शेजारी नांदतात. पिकांच्या ओळींतील मशागतीस कोणी ‘कोळपणी’ म्हणतो, कोणी ‘डवरणी’. कयाधू व पूर्णा यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन, तीत कापूस, तूर व अलीकडे प्रामुख्याने सोयाबीन, आणि वसमतच्या बाजूस हळद व ऊस, असे येथील शेतीचे स्थूल चित्र आहे.

२. औताचे वर्ष

औत म्हणजे केवळ नांगर नव्हे. बैल, जू, अवजार आणि ते हाकणारा माणूस या सर्वांचे मिळून औत होते. म्हणूनच ‘त्याच्या घरी औत आहे’ या विधानात अवजाराच्या मालकीपेक्षा अधिक काही सांगितले जाते : तो मनुष्य आपल्या शेतीच्या वेळेचा धनी आहे, असा त्याचा अर्थ होतो.

या औताचे वर्षभराचे काम पाहिले म्हणजे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. उन्हाळ्यात नांगरट, नंतर वखराच्या उभ्या-आडव्या पाळ्या, मृगाच्या पावसानंतर तिफणीने पेरणी, आणि पीक वर आल्यावर दोन-तीन कोळपण्या असा हा क्रम आहे. यांपैकी नांगरट हे सर्वांत जड काम. परंतु दख्खनच्या काळ्या जमिनीत ते दरवर्षी करण्याची रीत जुन्या काळी सार्वत्रिक नव्हती. हरळी किंवा कुंदा माजला, जमीन फार कठीण झाली, म्हणजे काही वर्षांच्या अंतराने नांगर धरावयाचा व एरवी वखरावर भागवावयाचे, अशी पद्धत होती. जड नांगरास एका जोडीने भागत नसे. चार, सहा वा अधिक बैल जुंपावे लागत. इतके बैल एका घरी क्वचितच असत, आणि म्हणून शेजाऱ्यांनी परस्परांचे बैल एकत्र करण्याची ‘सावड’ ही संस्था रूढ झाली.

पेरणी व कोळपणी यांची गोष्ट निराळी. ही कामे हलकी. एका जोडीने होणारी. परंतु ती वेळेची कामे आहेत. पावसानंतर जमिनीतील ओल अशी बेताची होते की माती अवजारास चिकटत नाही आणि ढेकूळही निघत नाही. या अवस्थेस शेतकरी ‘वापसा’ म्हणतो. काळ्या जमिनीत वापसा यावयास वेळ लागतो आणि आलेला वापसा फार काळ टिकत नाही. तो साऱ्या शिवारात जवळजवळ एकाच वेळी येतो. त्यामुळे ज्याच्या घरी स्वतःची जोडी नाही त्यास दुसऱ्याची पेरणी आटोपेपर्यंत धुऱ्यावर बसून राहावे लागे.

तात्पर्य, जुन्या व्यवस्थेत जड शक्ती ही सामाईक होती व हलकी शक्ती ही घरची होती. ही विभागणी कोणी ठरवून केलेली नव्हती. नांगरटीस उन्हाळाभर अवकाश असतो, म्हणून ती पाळीपाळीने करता येते. कोळपणीस अवकाश नसतो, म्हणून ती स्वतःच्या औतानेच करावी लागते. कामाच्या काळानेच मालकीचे स्वरूप ठरविले होते.

३. यंत्राचे आगमन

या व्यवस्थेत पहिला बदल लोखंडी नांगराने झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ च्या सुमारास बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला, आणि १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. लोखंडाने जमीन बिघडते या समजुतीमुळे आरंभी त्यास गिऱ्हाईक मिळणे कठीण गेले. तथापि हा नांगर बैलांनीच ओढावयाचा असल्याने औताची मूळ रचना त्यामुळे मोडली नाही.

ट्रॅक्टराचे तसे नव्हते. स्वातंत्र्याच्या सुमारास स्थापन झालेल्या केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने कांस नावाच्या चिवट गवताने ग्रासलेल्या मध्य भारतातील जमिनी यंत्राने फोडण्याचे काम हाती घेतले; त्यासाठी १९४९ साली जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्जही घेण्यात आले. म्हणजे या देशात ट्रॅक्टर प्रथम आला तो पडीक जमीन फोडणारे जड यंत्र म्हणून. १९५१ साली देशात सुमारे साडेआठ हजार ट्रॅक्टर होते; १९६१ साली ती संख्या सुमारे एकतीस हजार झाली. १९५९ साली आयशरच्या फरिदाबाद येथील कारखान्यातून पहिला देशी बनावटीचा ट्रॅक्टर बाहेर पडला. १९७४ साली आलेला ‘स्वराज’ हा दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत सिद्ध झालेल्या आराखड्यावर आधारलेला होता, व लहान शेतकऱ्यास परवडेल असे यंत्र देणे हा त्यामागील हेतू होता. तथापि बाजाराचा कल मोठ्या यंत्राकडेच राहिला. आजही विक्रीत ३० ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांचेच प्राबल्य आहे. कारण ट्रॅक्टर घेणारा मनुष्य केवळ आपल्या शेतापुरता विचार करीत नाही. भाड्याची नांगरट, मळणी, उसाची वाहतूक यांतून हप्ता फिटावा अशी त्याची अपेक्षा असते.

याच काळात जमीन मात्र उलट दिशेने जात होती. महाराष्ट्रात खातेदारामागे सरासरी क्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते; २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टरवर आले. कमाल जमीनधारणेचा १९६१ चा कायदा व त्यातील पुढील दुरुस्त्या यांमुळे कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर ठरली. परंतु क्षेत्र घटण्याचे खरे कारण वाटण्या हे होय. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी पडीक व गायरान जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आणला. पुढे ज्या थोड्यांना जमीन मिळाली त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न उभा राहिला : जमीन आली, पण औत कोठून आणावयाचे?

४. शब्दांची साक्ष

मोठ्या ट्रॅक्टराने औताचे नेमके कोणते काम घेतले व कोणते सोडले, याची साक्ष भाषा देते. ‘नांगर’ हा शब्द संस्कृत ‘लाङ्गल’पासून आलेला आहे, आणि ‘लाङ्गल’ हाच मुळात ऑस्ट्रो-आशियाई भाषांतून संस्कृतात आला असावा असे अनेक भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. इतक्या जुन्या शब्दाची जागा पन्नास-साठ वर्षांत ढळली. ‘नांगरट केली’ याच्या शेजारी ‘ट्रॅक्टर मारला’, ‘रोटा मारला’ असे प्रयोग रूढ झाले. येथे ‘मारणे’ हे क्रियापद लक्षणीय आहे. नांगर ‘धरतात’, वखराची पाळी ‘घालतात’, तिफण ‘हाकतात’. ट्रॅक्टर मात्र ‘मारतात’. जे काम दुसऱ्याच्या यंत्राने, तासाच्या वा एकराच्या दराने, उरकून घ्यावयाचे असते त्यास हे क्रियापद शोभते.

उलट कोळपणी व डवरणी हे शब्द जसेच्या तसे राहिले, कारण ते काम मोठा ट्रॅक्टर करू शकत नव्हता. सोयाबीनच्या दोन ओळींत साधारणतः दीड फुटाचे अंतर असते. उभ्या पिकात रुंद चाकांचे जड यंत्र शिरले तर पीक तुडविले जाते. म्हणून ज्या घरी नांगरटीस ट्रॅक्टर आला त्या घरीही कोळपणीसाठी बैलजोडी काही काळ टिकून राहिली. पुढे वैरणीची टंचाई, सालगड्यांची उणीव आणि जनावरांच्या वाढत्या किमती यांमुळे तीही मोडली. २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आल्यानंतर म्हातारा बैल विकून नवा घेण्याचा जुना हिशेबही कोलमडला. पोळ्याच्या दिवशी ट्रॅक्टर सजवून त्याची पूजा केल्याची वृत्ते आता दरवर्षी येतात. वस्तुतः अवजारांच्या पूजेस खंडेनवमीचा दिवस आहेच. पोळा हा जनावराचा सण. त्या दिवशी यंत्र पुजावे लागणे याचा अर्थ गोठा रिकामा झाला असा होतो.

अशा रीतीने जुनी विभागणी उलटी झाली. जी जड शक्ती सामाईक होती ती एकेकाच्या मालकीची झाली आणि जी हलकी शक्ती घरोघर होती ती नाहीशी झाली. तणनाशकांचा वाढता वापर हा काही अंशी या रिकाम्या जागेचाच परिणाम होय.

५. निवडीची कसोटी

छोट्या ट्रॅक्टराचे ऐतिहासिक स्थान येथे आहे. हलक्या ट्रॅक्टराची कल्पना हॅरी फर्ग्युसन याने तीन सांध्यांच्या जोडणीने व्यवहार्य केली. १९४६ पासून इंग्लंडमध्ये तयार होऊ लागलेल्या त्याच्या ट्रॅक्टरात अवजाराची ओढ मागील चाकांवर भार म्हणून उपयोगी पडे, आणि त्यामुळे यंत्राचे स्वतःचे वजन वाढविण्याची गरज कमी झाली. आज पंधरा-वीस अश्वशक्तीचे जे अरुंद ट्रॅक्टर मिळतात ते याच तत्त्वावर चालतात. त्यांपैकी काहींची रुंदी तीन फुटांच्या आसपास असते.

‘अश्वशक्ती’ हे माप जेम्स वॉटने वाफेच्या यंत्राची तुलना घोड्याशी करण्यासाठी रूढ केले. एक बैलजोडी सुमारे एक अश्वशक्ती देते असे ढोबळमानाने धरतात. परंतु पंधरा अश्वशक्ती म्हणजे पंधरा औते नव्हेत. औत ओळीत चालत होते, वळणावर अडत नव्हते आणि जमीन दाबीत नव्हते. हे गुण अश्वशक्तीच्या आकड्यात मावत नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न ओळीचा असावा. सोयाबीनच्या दीड फुटी ओळींत चालवावयाचे तर पेरणीच त्या यंत्राच्या चाकांच्या मापाने, चाकांसाठी पट्टा सोडून, करावी लागते. कापसाच्या वा हळदीच्या रुंद अंतरात हे काम सोपे आहे. दुसरा प्रश्न वजनाचा : काळ्या जमिनीत वापसा पुरता येण्यापूर्वी शिरलेले जड यंत्र खालचा थर घट्ट करते. तिसरा प्रश्न दुरुस्तीचा : सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत नसतील तर ऐन कोळपणीत यंत्र दारात उभे राहते. अश्वशक्तीचा प्रश्न यानंतरचा. उन्हाळ्यातील खोल नांगरट किंवा वसमतकडील उसाची वाहतूक छोट्या ट्रॅक्टराकडून करून घेऊ पाहणे चुकीचे ठरेल. ते काम भाड्याच्या मोठ्या यंत्राने करावे. पूर्वी ते सावडीच्या बैलांनी होत असे, हे विसरू नये.

६. सावडीचा प्रश्न

महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाने २०१२ साली अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसाहाय्यता बचतगटांसाठी ९ ते १८ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर व त्याची उपसाधने देण्याची योजना सुरू केली. साडेतीन लाख रुपयांच्या मर्यादेत नव्वद टक्के अनुदान, म्हणजे ३ लाख १५ हजार रुपये, व उरलेला दहा टक्के हिस्सा गटाचा, असे तिचे रूप आहे. औत नसलेल्या घरांना यंत्रामार्फत औताचे स्वामित्व देण्याचा हा प्रयत्न असल्याने इतिहासदृष्ट्या त्याचे मोल मोठे आहे. जुनी सावड ही ज्यांच्याकडे बैल होते त्यांची होती. ज्याच्याकडे बैल नव्हता तो तिच्याबाहेर राही, किंवा अंगमेहनतीने तिची भरपाई करी.

परंतु इतिहास येथे एक इशाराही देतो. सावड टिकली ती नांगरटीच्या कामात, कारण तेथे पाळी लावता येत होती. छोटा ट्रॅक्टर ज्या कामासाठी खरा उपयोगी, त्या पेरणी-कोळपणीस वापसा सर्वांना एकाच दिवशी हवा असतो. दहा घरांत एक यंत्र असेल तर दहावे घर पुन्हा धुऱ्यावर बसेल, मग ते यंत्र कागदोपत्री त्याचे असले तरी. यास्तव गट जितका लहान व त्याच्या सदस्यांची शेते जितकी जवळ, तितके यंत्र खरोखर सर्वांचे राहील. आणि पाळीचा क्रम पाऊस पडण्यापूर्वी ठरलेला असावा.

‘त्याच्या घरी औत आहे’ या वाक्याचा जुना अर्थ वेळेवरचे स्वामित्व असा होता. छोट्या ट्रॅक्टराने ते वाक्य पुन्हा खरे ठरते किंवा नाही, हीच त्याच्या निवडीची कसोटी होय. यंत्र किती जोराने ओढते यापेक्षा वापशाच्या दिवशी ते कोणाच्या शेतात असते, हे पाहिले पाहिजे.