मुंजा ते झोंबी: भुताचे नाव कधी हरवले?

१/१२
पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावर आहुपे हे गाव आहे. येथे पडणारा पाऊस दोन दिशांना वाटला जातो. पूर्वेचे पाणी घोड नदीतून डिंभे धरणात आणि पुढे भीमेला मिळते. पश्चिमेचे पाणी कडा उतरून मुरबाडकडे, उल्हास नदीच्या खोऱ्यात जाते.

२/१२
याच उल्हासच्या खाडीकाठी डोंबिवली वसली आहे. २६ जानेवारी २०२२ रोजी या शहराच्या नावावर कोटी करणारा ‘झोंबिवली’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. प्रमुख भूमिकांत अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी. मराठीतील पहिला झोंबीपट म्हणून तो ओळखला जातो. प्रश्न असा, की घरची भुते एवढी असताना मराठीला परक्या झोंबीची गरज का भासली?

३/१२
प्रथम घरची भुते पाहू. मुंज झाल्यावर, लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. हडळ, खवीस, झोटिंग यांचीही अशीच ओळख ठरलेली आहे. वेताळ तर भुतांचा राजा. कोकणात तो गावाचा राखणदारही आहे. या प्रत्येकाला नाव आहे, ठिकाण आहे आणि अपुरी राहिलेली इच्छा आहे. म्हणूनच त्यांच्याशी बोलता येते, त्यांना नैवेद्य दाखवून शांत करता येते.

४/१२
मराठी पडद्यानेही हीच रीत पाळली. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये बाहुल्यात शिरलेला आत्मा कोणा अनामिकाचा नाही. तो तात्या विंचूचा आहे. कल्पनेचे मूळ १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटात होते. मात्र रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला प्रेक्षकांनी आपल्या गावच्या गुंडासारखा ओळखला.

५/१२
झोंबीचे कूळ वेगळे आहे. ते कॅरिबियन बेटावरील हैतीत सापडते. फ्रेंचांच्या या वसाहतीत आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना उसाच्या मळ्यांत राबवले जाई. १७९१ ते १८०४ या काळात त्यांनी लढून स्वातंत्र्य मिळवले. पण लोकस्मृतीत एक भय उरले. मरणानंतरही सुटका नाही, मृतदेहाला उठवून पुन्हा कामाला जुंपले जाईल, हे ते भय. झोंबी हा मुळात मारेकरी नव्हता. तो न संपणाऱ्या गुलामीचे रूप होता.

६/१२
१९१५ ते १९३४ या काळात हैतीवर अमेरिकेचा लष्करी ताबा होता. १९२९ मध्ये विल्यम सीब्रुक यांचे हैतीवरील प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले आणि झोंबी अमेरिकी वाचकांना परिचित झाला. १९३२ मध्ये ‘व्हाइट झोंबी’ हा कमी खर्चाचा चित्रपट आला. ज्यांनी गुलामी सोसली त्यांचे भय आता तिकीट काढून पाहता येऊ लागले.

७/१२
या प्रकाराचा कायापालट १९६८ मध्ये पिट्सबर्गच्या परिसरात झाला. जॉर्ज रोमेरो आणि त्यांच्या मित्रांनी सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ तयार केला. चित्रण कृष्णधवल होते, त्यामुळे रक्तासाठी चॉकलेटचे सरबत चालून गेले. भुतांसाठी महागड्या कलावंतांची गरज नव्हती. ओळखीपाळखीची माणसे पुरेशी होती.

८/१२
ऐनवेळी शीर्षक बदलताना प्रतींवरील स्वामित्वहक्काची सूचना गळाली आणि चित्रपट सर्वांसाठी मुक्त झाला. निर्मात्यांचे नुकसान झाले. झोंबी मात्र जगभर पसरला. विशेष म्हणजे या चित्रपटात ‘झोंबी’ हा शब्दच येत नाही. त्याचा कृष्णवर्णीय नायक रात्रभर त्या प्रेतांशी झुंजतो आणि सकाळी मदतीला आलेल्या बंदूकधाऱ्यांच्याच गोळीने मरतो. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या त्याच वर्षी झाली होती.

९/१२
यातून एक सूत्र हाती लागते. झोंबी स्वस्त असतो, म्हणून जो समाज त्याला उसना घेतो तो त्यात स्वतःचे भय भरतो. २०१३ च्या ‘गो गोवा गॉन’ या हिंदी चित्रपटाने त्याला गोव्याच्या मेजवानीत आणले. डोंबिवलीकडे मात्र स्वतःचे, अगदी ठोस भय होते.

१०/१२
१९६० च्या दशकात येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि पुढे निवासी इमारती तिला येऊन भिडल्या. जानेवारी २०१४ मध्ये शहरात हिरवट पाऊस पडला. मे २०१६ मध्ये एका रासायनिक कारखान्यातील स्फोटाने अनेकांचे प्राण घेतले. फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक भागातील रस्ता गुलाबी झाला. ‘झोंबिवली’त टोलेजंग इमारत आणि शेजारची झोपडवस्ती यांच्यातील पाण्याचा प्रश्न कथेच्या मध्यभागी आहे, तो याच पार्श्वभूमीवर. प्रेक्षक हसतात, कारण प्रसंग ओळखीचे आहेत; आणि दचकतात तेही त्याच कारणाने.

११/१२
मुंजा या शहरासाठी अपुरा पडला असता. एका मुलाची इच्छा पुरवता येते; दूषित पाण्याची समजूत काढता येत नाही. दोषी एक नसतो, बळी एक नसतो, म्हणून भूतही एक राहत नाही. त्याची गर्दी होते. पुढे सरपोतदारांनीच ७ जून २०२४ रोजी ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट आणला आणि कथा कोकणात, पिंपळाखाली नेली. नाव असलेले भूत परतले, ते गावात.

१२/१२
आहुप्याला आजही देवराई आहे. देवाच्या रानावर कुऱ्हाड चालवायची नाही, या धाकाने सह्याद्रीत पिढ्यान्‌पिढ्या अशी राने टिकली आणि त्यांच्या सावलीत झरेही. देवराईचे भय पाणी नासण्याआधी माणसाला अडवते. झोंबीचे भय पाणी नासल्यावर येते. घाटमाथ्यापासून खाडीपर्यंत नदीचे खोरे एकच आहे. वाटेत कोठे तरी भुताचे नाव हरवते, आणि ते जेथे हरवते तेथूनच आपल्या शहरांचा इतिहास सुरू होतो.