बटाटा, वर्णपट आणि कमला भागवत: जिवंत वनस्पतिपेशीतले रेणू पाहण्याचा इतिहास

१/ मंडईतून आणलेला बटाटा चिरून ठेवला की थोड्याच वेळात काळवंडतो, हे पुण्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. १९३० च्या दशकात हेच काळवंडणे जीवरसायनशास्त्रातल्या एका मोठ्या वादाचा भाग होते. त्या वादाच्या निर्णयात एका मराठी स्त्रीचा वाटा आहे.

२/ वाद असा होता. प्राणी आणि यीस्ट श्वसनासाठी ऑक्सिजन वापरतात, तो सायटोक्रोम नावाच्या रंगीत प्रथिनांच्या साखळीतून. वनस्पतीही तोच मार्ग वापरतात काय? की बटाटा काळा करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, हेच त्यांच्या श्वसनाचा शेवटचा टप्पा आहे? अनेकांचा कल दुसऱ्या उत्तराकडे होता.

३/ सायटोक्रोमचा शोध मुळातच प्रकाशाच्या साहाय्याने लागला. १९२५ साली केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यांनी कीटकांचे स्नायू आणि यीस्ट वर्णपटदर्शकातून पाहिले. वर्णपटात काळे पट्टे दिसले. यीस्टचे पाणी हवेत घुसळले की पट्टे नाहीसे होत. स्थिर ठेवले की परत उमटत. पेशी न मारता आतल्या रेणूची अवस्था वाचता येते, हे यातून सिद्ध झाले.

४/ हिरव्या पानापुढे मात्र ही युक्ती थबकत असे. हरितद्रव्य इतका प्रकाश शोषून घेते की सायटोक्रोमचे फिके पट्टे त्याखाली झाकले जातात. म्हणून संशोधकांना कंदांसारख्या रंगहीन भागांकडे वळावे लागले.

५/ केंब्रिजमध्येच रॉबिन हिल यांनी १९३७ साली आणखी एक वाट काढली. पानातून वेगळी केलेली हरितलवके प्रकाशात किंचित ऑक्सिजन सोडतात. तो मोजण्यासाठी त्यांनी मिश्रणात हिमोग्लोबिन मिसळले. ऑक्सिजन चिकटताच हिमोग्लोबिनचा रंग बदलतो आणि तो बदल वर्णपटात टिपता येतो. वनस्पतीच्या प्रयोगात साक्षीदार म्हणून रक्तातले प्रथिन उभे करण्यात आले होते. आजच्या जैवसंवेदकांमागचे तत्त्व हेच आहे.

६/ त्याच वर्षी कमला भागवत केंब्रिजला पोहोचल्या. रसायनशास्त्रज्ञ नारायणराव भागवतांच्या त्या कन्या आणि दुर्गा भागवतांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. होऊन त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. प्रकाशाच्या विकिरणासाठी नोबेल मिळवलेले संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री असल्यामुळे तो नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर अटी घालून त्यांना घेण्यात आले.

७/ बंगळुरूला त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात डेरेक रिक्टर यांच्यासोबत त्यांनी फिनॉलचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या विकरांवर १९३८ साली निबंध लिहिला. बटाटा काळा करणारे विकर याच कुळातले. पुढे त्या हिल यांच्याबरोबर काम करू लागल्या.

८/ १९३९ साली 'नेचर'मध्ये हिल आणि भागवत यांचे छोटेसे टिपण आले: सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेझ. सायटोक्रोमकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देणारे हे विकर. ते वनस्पतींत असणे म्हणजे श्वसनाचा मूळ मार्ग बटाट्यात आणि माणसात सारखाच असल्याचा ठोस पुरावा होता.

९/ येथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. 'वनस्पतींतील सायटोक्रोम कमलाबाईंनी शोधले' असे सर्रास लिहिले जाते. परंतु केलिन यांच्या १९२५ च्या निबंधाच्या शीर्षकातच उच्च वनस्पतींचा उल्लेख आहे. रंगद्रव्य आधी दिसले होते. त्याच्याकडून पुढे ऑक्सिजनपर्यंत नेणारी कडी या टिपणाने दाखवली. यामुळे कमलाबाईंचे श्रेय उणावत नाही, नेमके होते.

१०/ त्याच वर्षी डॉक्टरेट घेऊन त्या भारतात परतल्या. दिल्ली, कुन्नूर आणि मग मुंबईची विज्ञान संस्था असा प्रवास झाला. संशोधनाचा विषय बदलला: कडधान्ये, नीरा, कुपोषण. हिल यांच्यासोबतच्या कामाचा विस्तृत निबंध प्रसिद्ध व्हायला १९५१ उजाडले.

११/ एक मर्यादा मात्र उरली होती. विकराचे काम दाखवायचे तर सहसा पेशी फोडावी लागे. पेशीला स्वतःच साक्षीदार घडवायला लावण्याची सोय झाली ती जेलीफिशमुळे. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ साली तिच्यातल्या हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनाची नोंद केली. १९९२ साली त्याचे जनुक हाती आले. १९९७ साली रॉजर त्सिएन यांच्या प्रयोगशाळेत अशी दोन रंगांची प्रथिने जोडून कॅल्शियमचा संवेदक बनला. कॅल्शियम चिकटले की दोन्ही जवळ येतात आणि निळसर उजेड पिवळ्याकडे झुकतो.

१२/ वनस्पतींनी येथेही अडवणूक केली. अरॅबिडॉप्सिस हे रोप जेलीफिशच्या जनुकसंदेशाचा एक तुकडा अनावश्यक समजून कापून टाकत असे. जिम हॅसेलॉफ आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली त्या जनुकाची अक्षरे बदलून हा दोष दूर केला, तेही केंब्रिजमध्येच. १९९९ साली पर्णरंध्राच्या रक्षक पेशींतले कॅल्शियमचे चढउतार जिवंतपणी दिसले.

१३/ २०१८ साली तर सुरवंटाने पान कुरतडताच कॅल्शियमची लाट दूरच्या पानांपर्यंत धावताना चित्रित झाली. हरितद्रव्याचा अडथळा तेव्हाही होता: ते स्वतः लाल चमकते, म्हणून संवेदकाचा उजेड गाळणी लावून वेगळा काढावा लागतो.

१४/ अभिलेख शोधणाऱ्यांसाठी शेवटची नोंद. आज कमलाबाई 'डॉ. कमला सोहोनी' म्हणून ओळखल्या जातात. विवाहोत्तर आडनावाने शोधल्यास १९३९ चे टिपण सापडणार नाही. त्यावर हिल यांच्या शेजारी नाव आहे ते 'भागवत'.