धुऱ्याचे भांडण आणि जगाची लढाई



धानोऱ्याकडच्या एका शाळेत मी पहिल्या महायुद्धाविषयी बोलत होतो. बोलणे संपले तसा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, तिकडे युरोपात एका राजपुत्राला गोळी लागली, तर एवढे देश का लढले? आणि त्यात आपली माणसं का मेली?" प्रश्न साधा, पण भल्याभल्यांना अडवील असा. आज त्याचेच उत्तर शोधू या.

समजा, दोन शेतकऱ्यांचा धुऱ्यावरून वाद आहे. एकाने भीतीपोटी घरात काठी आणून ठेवली. दुसऱ्याने ती पाहिली आणि दोन आणल्या. पहिल्याने मेव्हण्याला सांगून ठेवले, दुसऱ्याने साडूला. आता धुऱ्यावर एखादी बकरी चढली, तरी दोन गावे उठतील. मग दोष बकरीचा म्हणायचा काय?

युरोपात हेच झाले. १८७१ साली जर्मनीने फ्रान्सचा पराभव करून अल्सास आणि लोरेनचा बराच भाग घेतला. हा तिथला धुरा! फ्रान्सला सूड हवा होता, जर्मनीला त्याची धास्ती होती. १८८२ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी व इटली एकत्र आले. १८९४ मध्ये फ्रान्सने रशियाशी करार केला. १८९८ पासून जर्मनीने मोठे आरमार बांधायला घेतले, तेव्हा समुद्रावर राज्य करणारे इंग्लंड बिथरले. १९०६ मध्ये त्याने 'ड्रेडनॉट' ही प्रचंड युद्धनौका पाण्यात सोडली. लगेच जर्मनीनेही तशाच नौका बांधायला काढल्या. १९०४ मध्ये इंग्लंडने फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी जुळवून घेतले. जो तो म्हणे, मी केवळ स्वतःच्या रक्षणासाठी तयारी करतो. पण एकाचे रक्षण दुसऱ्याला चढाईच वाटे.

२८ जून १९१४ रोजी सारायेवो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. महिन्याने ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारले. सर्बियासाठी रशियाने सैन्य हलवले. जर्मनीच्या सेनापतींची योजना आधीच ठरलेली होती: आधी बेल्जियममधून फ्रान्सवर धाव घ्यायची, मग रशियाकडे वळायचे. आगगाड्यांची वेळापत्रकेसुद्धा तयार होती. थांबून बोलणी करावी, तर शत्रू पुढे जाईल ही भीती! ४ ऑगस्टला इंग्लंड युद्धात उतरले, आणि हिंदुस्थानला न विचारता हिंदुस्थानही.

आता मुलाच्या प्रश्नाचा दुसरा भाग. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरले. इराणातील तेल सांभाळायला इंग्रजांनी पुणे डिव्हिजन इराकात धाडली. तीत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये ही फौज कुत येथे वेढली गेली. अन्न सरले, घोडे मारून खाल्ले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांतली कित्येक परतलीच नाहीत. साऱ्या युद्धात हिंदुस्थानचे सुमारे ७४,००० सैनिक कामी आले.

जे लढायला गेले नाहीत, तेही सुटले नाहीत. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ बोटींतून मुंबईला आली आणि आगगाडीने देशभर पसरली. साथ युद्धाने निर्माण केली नाही, पण सैन्यांच्या गर्दीने व ये-जा करण्याने तिला वाट मिळाली. त्यातच पाऊस दगा देऊन गेला, धान्य महागले. देशात एक कोटीहून अधिक माणसे मेली. सर्वांत जास्त झळ लागलेल्या प्रांतांत मध्य प्रांत होता, आणि धानोरा तेव्हा त्याच प्रांताच्या चांदा जिल्ह्यात होता. सर्बिया कुठे, हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्याही अंगणापर्यंत ही झळ आली.

गुरुजी, मुलांकडून २८ जून ही तारीख जरूर पाठ करून घ्या. पण त्याबरोबर हेही विचारा, की त्याआधीची चाळीस वर्षे काठ्या कोण जमवीत होते, आणि दोघांना समोरासमोर बसवून युद्ध टाळणे कुणालाच का जमले नाही? गावात धुऱ्याचा वाद निघाला, की आपण चार वडीलधारी माणसे बोलावतो. राष्ट्रांनी तशी पंचायत १९२० मध्ये एकदा आणि १९४५ मध्ये पुन्हा बसवली. पण पंच बसवून भागत नाही. पंचांचे ऐकावेही लागते. ज्यांच्या घरची माणसे जातात, त्यांनी हे सतत विचारत राहिले पाहिजे. त्या मुलाने विचारले, तसे.